माती संपते म्हणजे काय?

मागच्या मे महिन्यात माझ्या टाकीतली झाडं पिवळी पडायला लागली. आधी जुनी पानं गेली. मग नवी पानं फिकी यायला लागली, फक्त शिरा हिरव्या आणि मधला भाग जवळपास पांढरा.

टाकी म्हणजे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच काचेचं खोकं. काठोकाठ भरलं तर ५४ लिटर पाणी. तीन वर्षांपूर्वी पुण्यात नोकरी लागल्यावर घेतलेली ही माझी पहिली चैन. तळाला काळ्या गोळ्यांची ॲक्वासॉइल आहे. तिच्या एका बॅगेची किंमत तेव्हा माझ्या मेसच्या महिन्याच्या बिलाएवढी होती. वर क्रिप्टोकोरिनची झुडपं, मागे व्हॅलिस्नेरियाच्या फिती, मधे पंधरा-वीस रासबोरा.

पानांचे फोटो घेऊन मी दुकानात गेलो. दुकानदाराने फोनकडे दोन सेकंद पाहिलं. "दादा, तीन वर्षं झाली ना? मग सॉइल डेड झाली. सगळी काढा आणि नवी बॅग टाका."

सगळी काढायची म्हणजे टाकी मोडायची. क्रिप्टोकोरिनची मुळं हलवली की पानं अक्षरशः विरघळतात, हे मला माहीत होतं. तीन वर्षांत जमलेलं सगळं एका रविवारी बादलीत जाणार होतं.

त्या दिवसांत आजोबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रत्नागिरीहून आमच्याकडे आले होते. एका डोळ्यावर पट्टी, त्यामुळे वाचन बंद, टीव्ही बंद. दिवसभर ते टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे. मी त्यांना दुकानदाराचं म्हणणं सांगितलं.

"तीन वर्षांत माती मेली?" ते म्हणाले. "मग आमचं खाचर केव्हाच मेलेलं असायला हवं रे. माझ्या आज्याच्या आधीपासून तिथे भात होतंय."

मी काहीतरी उत्तर दिलं, की ती वेगळी माती, ही वेगळी. पण रात्री झोप येईना. ती वेगळी असेल तर कशी वेगळी? मी शोधत गेलो आणि थेट १८४९ सालच्या लंडनमध्ये जाऊन पोचलो.

बारा गॅलनचं भांडं

रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनमधल्या औषधविक्रेत्यांच्या संघटनेत, म्हणजे 'सोसायटी ऑफ अपॉथेकरीज'मध्ये रसायनतज्ज्ञ होता. जोसेफ प्रीस्टलीने १८व्या शतकातच दाखवून दिलं होतं, की मेणबत्तीने 'खराब' केलेली बंद भांड्यातली हवा पुदिन्याची फांदी पुन्हा चांगली करते. वॉरिंग्टनला तेच पाण्यात करून पाहायचं होतं. मासे आणि झाडं एकमेकांना जगवू शकतील का?

त्याने बारा गॅलनचं काचेचं भांडं घेतलं. बारा गॅलन म्हणजे सुमारे ५४ लिटर. हा आकडा वाचून मी मान वर करून माझ्या टाकीकडे पाहिलं. त्याने भांडं अर्धंच भरलं, झऱ्याच्या पाण्याने. त्यात दोन छोटे गोल्डफिश सोडले आणि एक व्हॅलिस्नेरिया लावली. तळाला होती वाळू आणि चिखल. व्हॅलिस्नेरियाची मुळं त्याच चिखलात खोचून वर दगड ठेवला होता.

थोड्या दिवसांनी झाडाची जुनी पानं सडायला लागली, पाणी गढूळ झालं. वॉरिंग्टनने पाच-सहा तळ्यातल्या गोगलगायी आणून टाकल्या. त्यांनी सडकी पानं फस्त केली, पाणी निवळलं. गोगलगायींची अंडी माशांनी खाल्ली. महिनोन्महिने पाणी न बदलता हे चालू राहिलं. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. आजच्या प्रत्येक घरगुती टाकीची वंशावळ या भांड्यापर्यंत नेता येते.

त्यानंतर काही वर्षांतच इंग्लंडला या छंदाचं वेड लागलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि हा शब्द घरोघरी गेला.

या सगळ्या कथेत मासे, झाड आणि गोगलगाय यांचं कौतुक होतं. तळाच्या चिखलाकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

मातीची पकड

चिखलाकडे लक्ष देणारे लोक दुसरीकडे होते, शेतात. हॅरी स्टीफन थॉम्पसन या यॉर्कशरच्या जमीनदाराला एक साधी काळजी होती. शेणखतातला अमोनिया पावसाबरोबर वाहून जात असेल, तर आपण पैसे पाण्यात घालतोय का?

त्याने मातीवर अमोनियम सल्फेटचं द्रावण ओतलं आणि खालून काय निथळतं ते तपासायला लावलं. खालून अमोनियम सल्फेट आलंच नाही, आलं ते कॅल्शियम सल्फेट. म्हणजे मातीने अमोनिया धरून ठेवला होता आणि त्याच्या बदल्यात स्वतःजवळचं कॅल्शियम सोडलं होतं. रसायनतज्ज्ञ जॉन थॉमस वे याने हे प्रयोग पुढे नेले. १८५० मध्ये दोघांचे लेख रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीच्या नियतकालिकात आले. वॉरिंग्टनचा लेख आला तेच साल.

आज आपण याला धन आयनांची देवाणघेवाण म्हणतो. चिकणमातीच्या आणि कुजलेल्या पालापाचोळ्याच्या कणांवर ऋण भार असतो. अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांच्यावर धन भार. ते कणांना चिकटून राहतात आणि मूळ जवळ आलं की अदलाबदलीने सुटतात. वाळूत ही ताकद जवळजवळ नसते. म्हणून वाळूत टाकलेलं खत वाहून जातं आणि मातीत टाकलेलं थांबतं.

मला हे वाचताना पहिल्यांदा लक्षात आलं, की मी दोन गोष्टींची गल्लत करत होतो. मातीत असलेलं अन्न ही एक गोष्ट, आणि अन्न धरून ठेवण्याची मातीची ताकद ही दुसरी. डबा रिकामा होणं आणि डबा फुटणं यात फरक आहे.

मुलाने बापाचा चिखल तपासला

पुढची गोष्ट मला फार आवडते. वॉरिंग्टनला १८३८ मध्ये मुलगा झाला, त्याचंही नाव रॉबर्टच. तो वडिलांच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकला आणि मोठेपणी लंडनच्या उत्तरेला रॉथॅमस्टेडच्या शेती प्रयोगकेंद्रात काम करू लागला. १८७७ मध्ये दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी, श्लोसिंग आणि म्युंट्झ यांनी दाखवलं होतं, की अमोनियाचं नायट्रेट होणं हे जीवाणूंचं काम आहे. धाकट्या वॉरिंग्टनने ते शेतातल्या मातीत पडताळलं. एवढंच नाही, तर हे काम दोन टप्प्यांत होतं हेही त्याने दाखवलं. आधी अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्राइटचं नायट्रेट. ते जीवाणू वेगळे काढायचं शेवटचं पाऊल सेर्गेई विनोग्राडस्कीने १८९० च्या सुमारास टाकलं.

नवी टाकी लावणाऱ्या प्रत्येकाला दुकानदार सांगतो, "आधी सायकल होऊ द्या, मग मासे टाका." ती सायकल म्हणजे हीच. बापाने भांडं भरलं आणि त्या चिखलासारख्या मातीत काय चालतं, ते मुलाने शोधून काढलं.

रॉथॅमस्टेडमध्येच माझ्या प्रश्नाचं सगळ्यात सरळ उत्तर उभं आहे. तिथल्या ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ पासून गहू पेरतात. काही पट्ट्यांना शेणखत मिळतं, काहींना रासायनिक खत, आणि एका पट्ट्याला १८४३ पासून काहीही घातलेलं नाही. पावणेदोनशेहून अधिक वर्षं नुसतं घ्यायचं, द्यायचं काही नाही. ती माती मेली का? नाही. तो पट्टा अजूनही हेक्टरी सुमारे एक टन गहू देतो. शेजारचे खत मिळणारे पट्टे त्याच्या कितीतरी पट देतात. म्हणजे माती शून्यावर येत नाही. साठा उतरत जातो आणि खाली एका पातळीवर स्थिरावतो. दगडातून झिजून जे सुटतं, पावसातून आणि हवेतून जे येतं, तेवढ्यावर ती तग धरते.

मधला खडीचा काळ

२०व्या शतकात छंद मातीपासून लांब गेला. धुतलेली खडी आली. नंतर खडीखाली जाळीदार प्लेट ठेवून त्यातून पाणी खेचणारे फिल्टर आले. त्या प्लेटवर माती टाकली तर सगळा गाळ वर येणार, म्हणून माती हद्दपार. माझ्या लहानपणी दातांच्या दवाखान्यात होती ती टाकी अशीच. निळी-गुलाबी खडी, बुडबुड्यांनी तोंड उघडणारा शिंपला आणि प्लॅस्टिकची झाडं.

खरी झाडं लावायची ओढ मात्र युरोपात टिकून होती. १९८० च्या दशकात काश्पर होर्स्ट आणि होर्स्ट किपर या जर्मन जोडीने टाकीच्या तळाला एक लाल माती घालायला सांगितली, लॅटेराइट. तिच्यातलं लोह झाडांच्या मुळांना मिळावं, हा हेतू.

लॅटेराइट म्हणजे आपला जांभा. हे नाव फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने दिलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने तो १८००-०१ मध्ये म्हैसूर, कानडा आणि मलबार पालथा घालत होता. मलबारमधल्या अंगाडिपुरम इथे लोक जमिनीतून मऊ लाल दगड विटांसारखा कापताना त्याने पाहिले. हवेत राहिला की तो टणक होतो. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट, त्यावरून १८०७ च्या पुस्तकात त्याने 'लॅटेराइट' हे नाव वापरलं. आमचं गावचं घर याच दगडाच्या चिऱ्यांचं आहे. क्रिप्टोकोरिनच्याही काही जाती सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या काठी रानात उगवतात. ज्या दोन वस्तू विकत घेऊन जर्मन माणूस काचेच्या खोक्यात घालत होता, त्या आमच्या गावाकडे पायाखाली येतात.

जपानी गोळ्या

आज आपण वापरतो ती सॉइल जपानमधून आली. तिच्यामागे नाव घेतलं जातं ते ताकाशी अमानो यांचं. १९५४ मध्ये निइगाता इथे जन्म, तरुणपणी व्यावसायिक सायकलपटू, मग छायाचित्रकार. १९८२ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि टाकीत दगड, लाकूड, गवत यांच्यातून निसर्गदृश्य उभं करायची शैली जगभर नेली. २०१५ मध्ये लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी ४० मीटर लांबीची टाकी उभारली आणि त्याच वर्षी ते गेले.

त्यांच्या शैलीत प्रकाश जास्त, कार्बन डायऑक्साइड वरून सोडलेला, झाडं झपाट्याने वाढणारी. अशा भुकेल्या झाडांना खडी पुरत नाही. म्हणून मातीच्या हलक्या भाजलेल्या गोळ्या. माती पाण्यात विरघळून चिखल होऊ नये, पण तिची पकड शिल्लक राहावी, यासाठी तेवढीच आच.

आता मूळ प्रश्न. ही किती दिवस चालते? नीट पाहिलं तर तिच्यात तीन वेगवेगळी घड्याळं चालू असतात.

पहिलं घड्याळ अन्नाचं. सुरुवातीचे काही आठवडे ती इतका अमोनिया सोडते की मासे टाकता येत नाहीत. मग हा ओघ उतरतो. झाडं जोरात वाढत असतील तर वर्ष-दीड वर्षात आतला नायट्रोजनचा साठा बराच ओसरतो.

दुसरं घड्याळ आम्लतेचं. ही माती पाणी किंचित आम्लधर्मी आणि मृदू ठेवते, आणि अशा पाण्यात झाडांना लोह सहज मिळतं. पण प्रत्येक वेळी पाणी बदललं की पाण्यातला कार्बोनेटचा जडपणा ही ताकद थोडी खातो. धरणाचं मृदू पाणी असेल तर दोन-तीन वर्षं निघतात. जड पाणी असेल तर काही महिन्यांत खेळ आटोपतो. इथे मला माझा मे महिना आठवला. मार्चपासून आमच्या सोसायटीत बोअरवेलच्या पाण्याचे टँकर येत होते. फिकी नवी पानं आणि हिरव्या शिरा ही लोह न मिळाल्याची खूण होती.

तिसरं घड्याळ गोळ्यांच्या आकाराचं. तीन ते पाच वर्षांत गोळ्या फुटून बारीक होतात आणि दाटून बसतात. मग खाली पाणी खेळत नाही, प्राणवायू पोचत नाही, कुठे कुठे सडक्या अंड्याचा वास येतो.

चौथी एक गोष्ट मात्र घड्याळावर नाही. मातीची पकड. गोळी फुटली तरी चिकणमाती ही चिकणमातीच राहते आणि तिचा ऋण भार जात नाही. थॉम्पसनच्या यॉर्कशरमध्ये जे झालं ते माझ्या तीन वर्षांच्या सॉइलमध्येही होऊ शकत होतं. वरून कुणी काही घातलं तर.

"घालतोस काय?"

हे सगळं मी आजोबांना दोन संध्याकाळींत सांगितलं. ते ऐकत होते, एका डोळ्याने टाकी बघत होते. त्या रविवारी मी नेहमीप्रमाणे कात्री घेऊन व्हॅलिस्नेरिया छाटली, मग पाइप लावून तळाचा गाळ ओढला. बादली बाथरूममध्ये ओतून परत आलो.

"दर आठवड्याला हे करतोस?" त्यांनी विचारलं.

"हो. स्वच्छ राहते टाकी."

"कापणी करतोस ती बाहेर. गाळ काढतोस तो बाहेर. आणि घालतोस काय?"

मी माशांच्या खाण्याची डबी दाखवली. चिमूटभर, तेही एक दिवसाआड. ते हसले नाहीत. म्हणाले, "मग माती तरी काय करील?"

लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात युरोपच्या शेतकऱ्यांना हेच सांगितलं होतं. पीक उचललं की खनिजं उचलली, ती परत केली नाहीत तर हिशोब कधीतरी चुकणार. डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन लेखिकेने १९९९ च्या आपल्या पुस्तकात टाकीसाठी हाच हिशोब मांडला. तिच्या टाकीत साधी बागेतली माती, सुमारे इंचभर, तिच्यावर तेवढाच खडीचा थर. झाडांचं खत म्हणजे माशांचं खाणं, मासे आणि जीवाणूंच्या पोटातून गेलेलं. तिने माशांच्या खाण्यातल्या मूलद्रव्यांचा हिशोबच लिहून दाखवला. गाळ उपसायची तिला घाई नाही, कारण तो गाळ म्हणजे परत येणारी ठेव.

आजोबांच्या खाचराचंही तेच होतं. उन्हाळ्यात शेण, कवळं, पातेरा पसरून भाजावळ करायची, पावसात लावणी, कापणीनंतर गुरं शेतात सोडायची. ते खाचर कुणा पूर्वजाने एकदा भरून ठेवलेलं गोदाम नव्हतं. दरवर्षी कुणीतरी त्यात काहीतरी परत घालत होतं, म्हणून ते चाललं.

मी टाकी मोडली नाही. फुटून दाटलेला वरचा थर फक्त एका कोपऱ्यातून हळूच काढला आणि तिथे उरलेल्या जुन्या बॅगेतली मूठभर सॉइल टाकली. क्रिप्टोकोरिनच्या मुळांशी चिमट्याने खताच्या गोळ्या खोचल्या, बोटभर खोल, वीतभर अंतरावर. गाळ ओढणं महिन्यातून एकदा, तेही उघड्या जागेतला. माशांना रोज खाणं. टँकरचं पाणी थेट न घालता त्यात निम्मं फिल्टरचं मिसळलं. जुलैपर्यंत नवी पानं हिरवी आली. जुनी पिवळी पानं हिरवी झाली नाहीत, ती होत नसतात. ती गोगलगायींनी खाल्ली.

गोळ्यांची मुदत साधारण तीन-चार महिने असते. फोनमध्ये त्याची आठवण लावून ठेवली आहे.

ऑपरेशन झालेला डोळा बरा झाल्यावर आजोबा परत गेले. जाताना मी विचारलं, यंदा खाचरात काय केलंय? तेव्हा त्यांनी सांगितलं की दोन पावसाळे ते पडीक आहे. गुरं विकली, माणूस मिळत नाही, स्वतःच्याने होत नाही.

"म्हणजे माती मेली?" मी जरा चेष्टेने विचारलं.

"माती कुठे जाते," ते म्हणाले. "कुणी आलं तर आहेच ती."

या नोव्हेंबरमध्ये दिवाळीची सुट्टी जोडून मी गावी जाणार आहे. शेती करायला जातोय असं मी म्हणणार नाही. खाचर एकदा बघून यायचं आहे.